बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भूगोलाची क्षेत्रभेट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये क्षेत्रभेटींच्या आखणीला सुरुवात होते आणि त्यासंबंधीची पत्रेही याच सुमारास येतात. या अंकासाठी निवडलेले सर्व प्रश्न राष्ट्रीय उद्यानांतील भूरूपांच्या अभ्यासाविषयी आहेत. बहुतेक पत्रे मुंबई-ठाणे परिसरातून आलेली असल्यामुळे उत्तरांचा भर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानावर आहे; एक पत्र मात्र सांगली जिल्ह्यातून आले आहे, आणि त्यातील प्रश्न वेगळा असल्याने त्याचे उत्तरही सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी नववीच्या वर्गाला ‘बाह्यप्रक्रिया’ हा घटक शिकवते. आमची शाळा दरवर्षी मुलांना बोरिवलीच्या उद्यानात नेते, परंतु मुलांच्या लक्षात सफारीची बस आणि माकडे एवढेच राहते. तेथे भूगोलाच्या दृष्टीने पाहण्यासारखी भूरूपे खरोखर आहेत का? असल्यास एका दिवसात त्यांपैकी कोणती दाखवावीत?
— भूगोल शिक्षिका, डोंबिवली

उत्तर : आहेत, आणि ती शोधण्यासाठी उद्यानात फार आत जावे लागत नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेल्या या उद्यानात जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ३० मीटर उंचीवरून चढत चढत जांभूळमाळाच्या ४६८ मीटर उंच माथ्यापर्यंत पोहोचते, आणि मुंबई उपनगरांतील दहिसर, पोयसर, ओशिवरा व मिठी या चारही नद्या याच डोंगरांतून किंवा त्यांच्या उतारांवरून निघतात. डोंगरमाथे, सोंडा, घळी, खडकाळ पात्राचे ओढे, नदीकाठचा गाळ, आणि उत्तरेकडील नागला भागात थेट वसईच्या खाडीलगतची कांदळवने एवढ्या लहान क्षेत्रात सलग पाहायला मिळणे दुर्मीळ आहे.

भूरूपे भरपूर आहेत. वेळ मात्र पुरत नाही, कारण सकाळी सफारी, दुपारी डबे आणि मग कान्हेरीची लेणी अशी आखणी केली की भूगोलाच्या वाट्याला थकलेली मुले आणि जेमतेम अर्धा तास उरतो. माझे स्पष्ट मत असे आहे की क्षेत्रभेटीच्या दिवशी सफारी ठेवूच नये. तसेच पाठ्यपुस्तकातील सगळी भूरूपे एका दिवसात दाखवण्याचा आग्रहही सोडावा आणि एकच धागा धरावा : डोंगरावर पडलेले पाणी खाली कसे येते आणि येताना वाटेतील खडकाचे काय करते. हा धागा धरला की प्रवेशद्वारापासून कान्हेरीपर्यंतचा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता हाच अभ्यासाचा मार्ग ठरतो.

पहिला थांबा प्रवेशद्वाराच्या जवळच, दहिसर नदीपाशी घ्यावा. तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावलेली ही नदी येथपर्यंत येते तेव्हा तिचा उतार मंदावलेला असतो. पात्रात वाळू, गोटे आणि झाडांची अडकलेली मुळे दिसतात, आणि वळणावर एका बाजूचा काठ खणला जाऊन दुसऱ्या बाजूला गाळ साचत असल्याचे मुलांना स्वतःला ओळखता येते. दुसरा थांबा रस्त्यासाठी जेथे उताराचा भाग कापलेला आहे तेथे घ्यावा. तेथे विदारणाचा, म्हणजे खडक जागच्या जागी कुजून फुटण्याच्या क्रियेचा, छेद आयताच समोर असतो : वर मातीचा पातळ थर, त्याखाली हाताने चुरडेल असा पिवळसर मुरूम, आणि मुरमात रुतलेले गोलसर काळे दगड. हे दगड नदीने वाहून आणलेले नाहीत, हे मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. बेसॉल्टमधील, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकातील, आडव्या-उभ्या भेगांतून पाणी झिरपते आणि त्या भेगांनी पाडलेल्या चौकोनी ठोकळ्यावर चहूबाजूंनी काम करते. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर विदारण एकाच दिशेने होते, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी होते. त्यामुळे कोपरे सर्वांत आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जाऊन मधला गाभा गोल उरतो. दगड गोल असला म्हणजे तो नदीतलाच असे नाही, ही गोष्ट येथे पाच मिनिटांत पटते. वर्गातील फळ्यावर ती पटवणे कठीण जाते.

तिसरा थांबा कान्हेरीची घळ आणि चौथा कान्हेरीच्या टेकडीचा माथा. कान्हेरीविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. माथ्यावर मात्र एकच काम द्यावे, आणि त्यासाठी पुरेसा वेळ राखावा : पश्चिमेकडे तोंड करून बसायचे आणि डोंगर, पायथ्याचा उतार, सपाट भागावरील वस्ती व त्यापलीकडची खाडीची सखल जमीन यांचे रेखाटन करायचे. छायाचित्र काढण्याची परवानगी रेखाटन पूर्ण झाल्यावरच द्यावी, कारण आधी छायाचित्र काढलेला विद्यार्थी नंतर समोर पाहत नाही.

प्रश्न : कान्हेरी हा इतिहासाचा विषय आहे, असे आमच्या शाळेतील इतिहासाच्या सरांचे म्हणणे आहे आणि ते मलाही पटते. भूगोलाच्या शिक्षकाने तेथे लेण्यांचे वर्णन करण्यापलीकडे काय करावे?
— शिक्षक, वसई

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन जावे, आणि लेण्यांचे वर्णन त्यांच्याकडेच सोपवावे. भूगोलाच्या शिक्षकाने मुलांना विचारायचा प्रश्न असा की, शंभराहून अधिक लेणी कोरण्यासाठी हीच टेकडी का निवडली गेली? इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि ही जागा सुमारे एक हजार वर्षे वापरात राहिली. सोपारा आणि कल्याण ही बंदरे जवळ होती, हे त्याचे एक कारण आहे. पण जवळपास इतरही टेकड्या होत्या. निवडीमागचे निदान अर्धे उत्तर खडकात आणि पाण्यात आहे.

कान्हेरीचा खडक म्हणजे नेहमीचा एकजिनसी काळा बेसॉल्ट नाही. दख्खनच्या ज्वालामुखीय कालखंडात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, मुंबईच्या परिसरात शांतपणे पसरणाऱ्या लाव्हाबरोबरच स्फोटक उद्रेकही झाले आणि त्यांत फुटलेल्या खडकांचे तुकडे राखेत मिसळून घट्ट झाले. या खडकाला ज्वालामुखीय कोणाश्म म्हणतात. लेण्यांच्या भिंतींकडे जवळून पाहिले तर वेगवेगळ्या रंगांचे आणि आकारांचे, कोपरे शाबूत असलेले तुकडे बारीक कणांच्या थरात रुतलेले दिसतात. कोपरे शाबूत आहेत याचा अर्थ ते तुकडे पाण्याने दूरवर वाहून आणलेले नाहीत, आणि हा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढला पाहिजे. सकाळी नदीत पाहिलेल्या गोट्यांशी तुलना केली की तो काढता येतो. हा खडक घट्ट बेसॉल्टच्या मानाने छिन्नीला सोपा, आणि त्यात स्तंभाकार बेसॉल्टसारख्या नियमित उभ्या भेगा नसल्याने मोठे दालन कोरले तरी छत तुटून पडण्याची भीती कमी. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे खांब ज्या मुलांनी पाहिले असतील त्यांना विचारावे, की त्या खडकात तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यासारखे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे मोठे दालन, कोरता आले असते का.

दुसरा भाग पाण्याचा. लेणी एका घळीच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि त्या घळीतून पावसाळ्यात जोराचा ओढा वाहतो. तरीही भिक्षूंच्या निवासाच्या जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी (विहाराशेजारी) कातळात कोरलेले पाण्याचे टाके आहे आणि उतारावर टाक्यांकडे पाणी वळवणारे बारीक पाट आहेत. वर्षातील बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि मार्चपर्यंत ओढा आटतो, हे मोसमी हवामानाचे वास्तव येथील रहिवाशांनी कातळात नोंदवून ठेवले आहे, असे म्हणता येईल. येथे एक उत्तम कृती करून घेता येते. कातळावर जे खळगे आणि चर दिसतात त्यांपैकी नैसर्गिक कोणते आणि माणसाने कोरलेले कोणते, हे गटागटाने ठरवायचे आणि प्रत्येक निर्णयाचे कारण लिहायचे. चौकोनी खाच बहुधा लाकडी खांबासाठी कोरलेली असते. सारख्या रुंदीचा, उताराशी तिरका जाणारा चर हा पाट असतो. ओढ्याच्या पात्रात, गुळगुळीत गोल कडांचा आणि तळाशी वाळू किंवा गोटे असलेला खड्डा दिसला तर तो रांजणखळगा, म्हणजे प्रवाहात फिरणाऱ्या गोट्यांनी कोरलेला खड्डा, समजावा. वादाचे खळगे भरपूर सापडतात आणि वाद व्हावाच.

तिसरी गोष्ट माझ्या विशेष आवडीची आहे, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. विदारण किती वेगाने होते हे मुलांना सहसा सांगता येत नाही, कारण निसर्गातील खडकाचा पृष्ठभाग हवेला नेमका कधी उघडा पडला हे ठाऊक नसते. लेण्यात ते ढोबळपणे ठाऊक असते : भिंत ज्या काळात कोरली गेली त्या काळात तो पृष्ठभाग उघडा पडला. एकाच लेण्यातील आतली, पावसापासून सुरक्षित भिंत आणि बाहेरची, पाऊस झेलणारी दर्शनी बाजू यांची तुलना करावी. आत छिन्नीचे घाव कोठे स्पष्ट दिसतात, बाहेर ते कोठे पुसले गेले आहेत, छतातून पाणी झिरपते तेथे काय झाले आहे, कोरीव कामाच्या खालच्या भागात झीज जास्त आहे का, या नोंदी हात न लावता, दोन पावलांवरून करता येतात. दीड-दोन हजार वर्षांत किती झीज होते आणि किती होत नाही, याचा अंदाज तेथे प्रत्यक्ष येतो.

प्रश्न : सर, मी आठवीत आहे. आमच्या सहलीत मी ओढ्यातला एक सुंदर दगड आणला. त्यात पांढरे खडे आहेत. मैत्रीण म्हणते की उद्यानातून दगड आणणे गुन्हा आहे. एका दगडाने काय होते?
— विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : तुझी मैत्रीण बरोबर सांगते आहे. राष्ट्रीय उद्यानातून वन्यजीव आणि वनोपज नेण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ नुसार मनाई आहे, आणि वनोपज म्हणजे फक्त लाकूड, मध किंवा फळे नव्हेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील व्याख्येत वनातील माती, खडक आणि खनिजेही येतात. एका दगडाने डोंगर कमी होत नाही हे खरे, पण त्या उद्यानात दरवर्षी लाखो लोक येतात आणि प्रत्येकाला एक सुंदर दगड सापडतोच. शिवाय ओढ्यातील दगड उचलला की त्याखाली राहणारे खेकडे आणि कीटक उघडे पडतात. तुझ्या भूगोलाच्या सरांना किंवा बाईंना हे सांग, म्हणजे पुढच्या भेटीत काय करायचे ते त्या ठरवतील.

आता दगडाविषयी. पांढरे खडे असलेला काळसर दगड आपल्याकडे बहुधा पोकळ्या असलेला बेसॉल्ट असतो. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकतात आणि पोकळ्या राहतात; पुढे त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यातील क्षार साचून तेथे क्वार्ट्झ, कॅल्साइट किंवा झिओलाइट गटातील खनिजे तयार होतात. पुढच्या वेळी दगड जागेवरच ठेवून त्याच्या शेजारी मोजपट्टी ठेव, छायाचित्र काढ, आणि वहीत चार गोष्टी लिही : रंग, कणांचा आकार, पोकळ्या आहेत की नाहीत, आणि तो दगड पात्रात सुटा पडलेला होता की कातळाचाच भाग होता. चौथी नोंद बहुतेक जण विसरतात. सुटा दगड कोठून आला हे सांगता येत नाही, कातळ मात्र त्या जागेचाच असतो, त्यामुळे त्या नोंदीवाचून बाकीच्या तीन नोंदींचा फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : दहावीच्या मुलांकडून नदीची मोजमापे करून घ्यायची आहेत. साधने अत्यंत साधी आहेत. कोणत्या महिन्यात जावे, काय मोजावे आणि त्यातून काय सिद्ध करावे?
— भूगोल शिक्षक, भाईंदर

उत्तर : महिना ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. पावसाळ्यात या परिसरातील ओढ्यांत उतरण्याचा विचारही करू नये. मातीचा थर पातळ, खाली कातळ आणि तीव्र उतार असल्यामुळे वरच्या भागात झालेल्या पावसाचे पाणी फार थोड्या वेळात खाली येते. फेब्रुवारीनंतर मोजण्याइतके पाणी उरत नाही. डिसेंबरातही पात्रात उतरण्यासाठी वनविभागाची परवानगी पत्रात स्पष्ट शब्दांत मागून घ्यावी, आणि पाणी गुडघ्याखाली असेल तेथेच काम करावे.

साधने म्हणून मोजपट्टी, दोरी, मीटरपट्टी, घड्याळ आणि वाळलेली पाने एवढे पुरते. पात्रावर दोरी आडवी ताणून रुंदी घ्यावी आणि दर अर्ध्या मीटरवर खोली मोजावी. मग काठाने १० मीटर अंतर आखून वाळलेले पान सोडावे आणि ते किती सेकंदांत पोहोचते हे किमान पाच वेळा मोजून सरासरी काढावी. तळाशी आणि काठाशी घर्षणामुळे पाणी सावकाश वाहते, म्हणून पृष्ठभागावरील वेगाला साधारण ०.८ ने गुणून सरासरी वेग घेण्याची रीत आहे. उदाहरणासाठी असे समजू की रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली ०.२ मीटर आहे. तर छेदाचे क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर झाले. पानाला १० मीटरसाठी २५ सेकंद लागले तर पृष्ठभागावरील वेग सेकंदाला ०.४ मीटर आणि सरासरी वेग ०.३२ मीटर. दोहोंचा गुणाकार सुमारे ०.२५६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २५६ लिटर. ही संख्या हाती आली की मुलांचे डोळे चमकतात, आणि त्याच वेळी त्यांना विचारावे की एका ठिकाणी मोजलेल्या या संख्येवरून नदीविषयी काय कळले. प्रामाणिक उत्तर ‘फारसे काही नाही’ असे आहे. निदान तीन ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने मोजले तरच काही तुलना करता येते.

म्हणून मी दगडांच्या मोजमापाला अधिक महत्त्व देईन. दोरीवर दर अर्ध्या मीटरच्या खुणेखाली जो दगड येईल तोच उचलायचा, त्याची सर्वांत लांब बाजू मोजायची, तो टोकदार ते पूर्ण गोल अशा सहा श्रेणींपैकी कोणत्या श्रेणीत बसतो ते ठरवायचे आणि दगड पुन्हा जागेवर ठेवायचा. ‘आवडलेला’ दगड उचलायचा नाही, खुणेखालचाच उचलायचा, हा नियम कटाक्षाने पाळावा. नमुना निवडणे म्हणजे काय हे मुलांना त्यातूनच समजते. उगमाकडून खाली येताना दगड लहान आणि गोल होत जातात, असे पुस्तकात असते. आपल्या नोंदींत तसे दिसलेच पाहिजे असे नाही, कारण मध्येच मिळणारा ओढा नवे, मोठे, टोकदार दगड आणून टाकतो, आणि बांधकामाचा राडारोडाही पात्रात आलेला असतो. नोंदी पुस्तकाशी जुळत नाहीत म्हणून मुलांनी आकडे ‘दुरुस्त’ केले, तर सगळ्या श्रमांवर पाणी पडले असे समजावे.

उद्यानाबाहेर हीच नदी दहिसरच्या वस्तीतून, बांधलेल्या भिंतींमधून मनोरीच्या खाडीकडे जाते. तेथे पात्रात उतरू नये, सांडपाणी असते. पण पुलावरून रुंदी अजमावता येते, काठ नैसर्गिक आहे की बांधलेला हे नोंदवता येते आणि पूररेषेच्या खुणा पाहता येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीबरोबर दहिसर नदीनेही मोठे नुकसान केले. त्या दिवसाचे पाणी कोठवर चढले होते हे सांगणारी माणसे काठावरील प्रत्येक वस्तीत भेटतात, आणि मुलांनी त्यांना विचारलेच पाहिजे. उद्यानातील मोजमाप आणि बाहेरील ही विचारपूस एकत्र आली की दहावीच्या क्षेत्रभेटीला पुरेसा विषय होतो.

प्रश्न : नकाशावाचन क्षेत्रभेटीच्या आधी घ्यावे की नंतर?
— शिक्षिका, मुलुंड

उत्तर : आधी, आणि पुन्हा नंतर. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या ४७ ए/१६ या स्थलनिर्देशक नकाशात कान्हेरी आणि तुळशी व विहार हे तलाव येतात. उद्यानाचा उत्तरेकडील भाग ४७ ए/१५ मध्ये आहे. समोच्च रेषांतील, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांतील, उंचीचे अंतर २० मीटर असते. नकाशावर दोन लगतच्या रेषा ४ मिलिमीटर अंतरावर असतील तर प्रत्यक्षातील अंतर २०० मीटर, म्हणजे उतार दहास एक. हे गणित वर्गात करून जावे आणि तोच उतार तेथे कोनमापक, दोरा व वजन यांच्या साध्या उतारमापकाने मोजावा.

तुळशी आणि विहार हे तलाव नैसर्गिक आहेत, असे मुले हमखास लिहितात. विहारचे धरण १८६० मध्ये पूर्ण झाले आणि त्यापासूनच मुंबईचा नळाने होणारा पाणीपुरवठा सुरू झाला. तुळशी १८७९ मधील आहे. तेथे जाण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते, पण नकाशावरूनही एक प्रश्न सोडवता येतो : डोंगरांनी वेढलेल्या या खोलगट भागात धरणाची भिंत नेमकी तेथेच का बांधली? समोच्च रेषा जेथे जवळ येऊन दरीचे तोंड अरुंद करतात तेथे बोट ठेवता आले की उत्तर मिळाले. त्यानंतर तुळशी आणि दहिसर नदी यांच्या मधला जलविभाजक, म्हणजे दोन्हींकडे जाणारे पाणी वेगळे करणारा उंच भाग, पेन्सिलीने काढायला सांगावा.

प्रश्न : परवानगी आणि सुरक्षितता यांविषयी थोडक्यात मार्गदर्शन करावे.
— मुख्याध्यापक, कल्याण

उत्तर : उद्यानाच्या कार्यालयाला शाळेच्या शीर्षपत्रावर निदान महिनाभर आधी पत्र द्यावे आणि त्यात उद्देश, मार्ग, थांबे, विद्यार्थिसंख्या आणि करावयाची मोजमापे लिहावीत, नुसते ‘शैक्षणिक सहल’ असे लिहिले की पर्यटकांचीच परवानगी मिळते. सोमवारी उद्यान बंद असते. रस्ता किंवा आखलेली पायवाट सोडून जाण्यासाठी वनरक्षक बरोबर असणे आवश्यक आहे. बिबट्याचा वावर असल्याने गट फुटू देऊ नये आणि दुपारी चारपर्यंत प्रवेशद्वाराकडे परतावे. माकडांमुळे खाणे उघड्यावर काढू नये. कातळकड्यांवर आग्या माशांची मोहोळे असतात. अत्तर, धूर आणि दगडफेक यांना सक्त मनाई करावी. लेणी संरक्षित स्मारक असल्याने तेथे हातोडी नेऊच नये, आणि ड्रोनचा विचार सोडून द्यावा.

प्रश्न : आमची शाळा शिराळा तालुक्यात आहे. मुंबईचे उद्यान आम्हाला दूर पडते, चांदोली मात्र जवळ आहे. पण तेथे खाली उतरून चालू देत नाहीत, असे ऐकतो. मग क्षेत्रभेट कशी करावी?
— सहशिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्याला मिळालेले उद्यान भूरूपांच्या दृष्टीने बोरिवलीपेक्षा कितीतरी मोठ्या पटाचे आहे. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्याचे क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटातील स्थळांमध्ये कास, कोयना आणि राधानगरी यांच्याबरोबर त्याचाही समावेश आहे. ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्यामुळे तेथे पायी फिरण्यावर निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत. त्यामुळे कामाची विभागणी करावी : उद्यानात ठरावीक ठिकाणांवरून निरीक्षण आणि रेखाटन, तर मोजमापे उद्यानाबाहेर, वारणा नदीवरील धरणाच्या खालच्या बाजूस, तिच्या खोऱ्यात.

उद्यानात पाहायच्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे सडे, म्हणजेच उघड्या कातळाची पठारे. झोळंबीसारख्या सड्यांवर माथा सपाट आणि कातळ जांभ्याचा असतो. भरपूर पाऊस आणि त्यानंतर कोरडा काळ असे चक्र दीर्घकाळ चालले की खडकातील सिलिका विरघळून जाते व लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. हा थर हवेत कडक होतो आणि खालच्या बेसॉल्टवर टोपीसारखा बसतो. सड्यावर माती नाममात्र असल्याने मोठी झाडे नाहीत आणि दरीत उतरताच दाट अरण्य लागते. मुलांनी हा बदल कोठे होतो ते रेखाटनात दाखवावे, म्हणजे खडक, माती आणि वनस्पती यांचा संबंध वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

दुसरी म्हणजे घाटमाथ्याची असमानता. पश्चिमेकडे कोकणात उतरणारा कडा जवळजवळ उभा आहे आणि तेथील ओढे आखूड व वेगवान आहेत. पूर्वेकडे उतार मंद असून वारणा सावकाश वाहत सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते. म्हणजे माथ्यावर एकमेकांपासून काही पावलांवर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक थोडक्या अंतरात अरबी समुद्रात जातो, तर दुसरा अख्खे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचतो. यांपैकी कोणता ओढा आपल्या उगमाकडे अधिक वेगाने खणत जाईल आणि त्यामुळे जलविभाजक कोणत्या दिशेला सरकेल, हा प्रश्न परतीच्या बसमध्ये टाकून पाहावा.

उद्यान पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. नोव्हेंबरमध्ये गवत पिवळे पडू लागते आणि सड्याच्या कडा स्पष्ट दिसतात. धरणाखालील वारणेचे पात्र मोजणार असाल तर पाणी केव्हा सोडले जाणार आहे हे पाटबंधारे खात्याकडून आधी विचारून घ्यावे, कारण तेथे प्रवाहाचा वेग आणि खोली पावसावर अवलंबून नसून दरवाजांवर अवलंबून असते, आणि ही गोष्टही अहवालात नोंदवावी.

प्रश्न : क्षेत्रभेटीचे अहवाल तपासताना कंटाळा येतो. सगळ्यांचे अहवाल सारखेच, आणि निम्मा मजकूर इंटरनेटवरून उतरवलेला. गुण कशाला द्यावेत?
— भूगोल शिक्षक, नवी मुंबई

उत्तर : उद्यानाचे क्षेत्रफळ, स्थापना आणि प्राण्यांची यादी यांना शून्य गुण, हे आधीच जाहीर करावे. निम्मा उतारा तेथेच थांबतो. पावसाने डागाळलेली, खोडलेली मूळ नोंदवही अहवालाला जोडायला लावावी आणि निम्मे गुण तिलाच द्यावेत. स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून आणलेली नोंदवही स्वीकारू नये. उरलेल्या गुणांपैकी काही रेखाटनाला द्यावेत, आणि ते चित्रकलेसाठी नव्हे, तर त्यावर लिहिलेल्या नावांसाठी व दिशा-प्रमाणासाठी. प्रत्येक गटाला वेगळा प्रश्न दिला तर अहवाल सारखे येण्याचा संभवच राहत नाही : एकाला घळीच्या दोन बाजूंच्या उतारांची तुलना, एकाला रस्त्याच्या छेदातील थरांची जाडी, एकाला गोट्यांचा आकार, एकाला कातळावरील खळगे. शेवटी प्रत्येकाने एक परिच्छेद असा लिहावा की आमच्या कोणत्या मोजमापावर विश्वास ठेवू नये आणि का. हा परिच्छेद इंटरनेटवर मिळत नाही, आणि तपासताना कंटाळाही येत नाही.